जहाज पुरं होत होतं तो उन्हाळा

कॉलेजच्या फळ्यावर वेळापत्रक लागलं की मला थकल्यासारखं होतं. दर वर्षीच होतं. नगरला सावेडीच्या रस्त्याला कडुनिंब फुललेले असतात. बारीक पांढरी फुलं सायकलच्या कॅरिअरवर, वह्यांवर, शर्टाच्या कॉलरमध्ये पडतात. दुपारी वारा सुटला की मोकळ्या रानांतली माती उडून माझ्या खोलीत येते आणि उघड्या पानावर बसते. मी पान झटकतो, पुढे वाचू लागतो आणि चार ओळी गेल्यावर लक्षात येतं, की मी वाचतच नव्हतो. मी एका जहाजाचा विचार करत होतो.

मी अजून समुद्र पाहिलेला नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे जहाजाबद्दल जे लिहीन ते सगळं ऐकलेलं, वाचलेलं, पत्रांतून आलेलं आहे हे कळेल. तरी त्या जहाजाच्या केबिनीची दारं कोणत्या बाजूला उघडतात, जेवणघराच्या कठड्याला कोणतं लाकूड आहे, कोणत्या जिन्याची तिसरी पायरी दोनदा बसवावी लागली, हे मला माझ्या नेमलेल्या पुस्तकांपेक्षा जास्त पाठ आहे. ते जहाज माझ्या मोठ्या भावाने बांधलं. एकट्याने नव्हे, शेकडो माणसं होती. पण आमच्या घरात तसंच बोलतात.

आम्ही सुतार. पारनेरपासून पायी तासाभरावर आमचं गाव. वडील, म्हणजे तात्या, बैलगाड्या करणारे. मोठा भाऊ अण्णा सातवीनंतर त्यांच्या हाताखाली बसला आणि मी शाळेत राहिलो, कारण मला वाकस धरता येत नव्हता. खरोखर एवढंच कारण. माझ्या हातून लाकूड तिरपं तासलं जायचं. तात्या म्हणायचे, "ह्याला शाळंतच राहू द्या. लाकडाचं नुस्कान तरी हुयाचं न्हाई." घराण्यात कॉलेजात गेलेला मी पहिला, असं कुणी कौतुकाने म्हटलं की मला ते तिरपे तासलेले दांडे आठवतात.

मग पावसाने पाठ फिरवायला सुरुवात केली. लोकांनी बैल विकले, उरलेले छावणीत नेऊन बांधले. बैल नाही तर गाडी कोण करणार? अण्णा मुंबईला गेला. पारनेरची माणसं मुंबईला जातातच, त्यात नवल नव्हतं. नवल हे की गिरणीत न जाता तो गोदीत लागला, तात्पुरता सुतार म्हणून. तिथे एक नवं प्रवासी जहाज बांधायला घेतलं होतं. आतल्या खोल्यांना सुतार हवे होते. मी त्याच वर्षी नगरला कॉलेजात आलो. माझी फी आणि खानावळ अण्णाकडून यायची.

पत्रं माझ्या नगरच्या पत्त्यावर यायची. शनिवारी मी एस्टीने गावी जायचो आणि वाचून दाखवायचो. तात्या पडवीत बाभळीचे दांडे घडत असायचे. दुष्काळी कामावर टिकाव, फावडी, हातोडे लागत, त्यांचे दांडे. गाड्या करणारा माणूस दिवसभर दांडे करत होता. आई खडीच्या कामावरून यायची, तोंडावरची धूळ न धुता बसायची. शेजारचे धोंडीबामामा पत्र आलं की आपोआप हजर होत.

एकदा अण्णाने लिहिलं, की जहाजाच्या सगळ्यात वरच्या मजल्यावर प्रवाशांना पोहायला हौद बांधला आहे.

मामा म्हणाले, "थांब. परत वाच."

मी परत वाचलं.

"म्हंजी खाली सगळा दर्या, आन वर पवायला हौद?"

"हो मामा."

"आन हितं टँकर चौथ्या दिशी." मामा बराच वेळ हसले, मग हसू गेलं आणि ते आपल्या पायांकडे बघत राहिले. "त्यो हौद कोन भरनार? तुजा आन्ना का?"

"पंप असतो."

"असंल बाबा. ज्याच्याकडं हाय त्याच्याकडंच पंप बी असतो."

मला त्या दुपारी हसू आलं होतं. आता आठवतो तो त्यांच्या हसण्याचा शेवट.

पहिल्या महिन्यातच अण्णाच्या हातून एक चूक झाली. ती त्याने पत्रात लिहिली, कारण तात्यांपासून त्याने लाकडाबाबत कधी काही लपवलं नाही. जहाज तेव्हा पाण्यात उतरलेलं नव्हतं. ते उतारावर उभं करून बांधतात, म्हणजे पुरं झालं की पाण्याकडे घसरवता येतं. अण्णाला हे दिसत होतं, पण त्याचा अर्थ डोक्यात शिरला नव्हता. त्याला एका दाराची चौकट बसवायला दिली. त्याने खिशातला ओळंबा काढला, दोरी सोडली, आणि घरातली चौकट बसवावी तशी अगदी सरळ बसवली. दुपारी मिस्त्री आले, लांबून बघून थांबले आणि सगळ्यांना हाका मारून म्हणाले, "या, या, बघा. गाववाल्याने जमिनीला सरळ दार लावलंय. जहाजाला वाकडं." चौकट उखडावी लागली. तिथे माप जमिनीवरून घ्यायचं नसतं, जहाजाच्या तळावरून घ्यायचं असतं. ओळंबा तिथे चालत नाही.

हे ऐकून तात्यांनी हातातलं काम खाली ठेवलं. ते रागावले होते, पण अण्णावर नाही.

"वळंबा खोटं बोलत न्हाई," ते म्हणाले. "जहाजच वाकडं असंल."

"ते पाण्यात गेल्यावर सरळ होतं, तात्या."

"मंग पान्यात गेल्यावर लावायचं दार. आदी कशाला लावत्यात?"

मी पुढचं वाचू लागलो. कॉलेजात माझंही पहिल्या वर्षी अण्णासारखंच व्हायचं. वर्गात मी गावच्या मापाने उत्तर द्यायचो, ते मला अगदी सरळ वाटायचं आणि मागचे बाक हसायचे. पण हे मी घरी सांगितलं नाही. अण्णाइतकं धैर्य मला नव्हतं.

तात्यांना जहाजाच्या बाकी गोष्टींत गोडी नव्हती. ते किती लांब, किती मजले, त्यात किती माणसं मावणार हे मामा विचारत. तात्या एकच विचारत, "आन्ना बसला का त्यात?"

आमच्याकडे एक रीत आहे. नवी गाडी झाली की आधी मालक बसत नाही. सुतार बसतो. मालक बैल जुंपतो, सुताराला गाडीत बसवतो, गावाबाहेरच्या मारुतीपर्यंत नेतो आणि परत आणतो. तिथे नारळ फुटतो. त्यानंतर मालकाच्या घरचे बसतात. लहानपणी मला तो सुताराचा मान वाटायचा. मी तात्यांना तसं म्हणालो तेव्हा ते म्हणाले, "मान कसला? मोडायची असंल तर पयली आपल्या बुडाखाली मोडू दे. दुसऱ्याचं लेकरू कशाला पाडायचं?"

म्हणून ते विचारत. ज्या खोल्यांत परकी बायकापोरं झोपणार त्यांची दारं त्यांच्या मुलाने लावली होती, आणि तो स्वतः त्यात अजून बसला नव्हता. हे त्यांच्या जिवाला लागून होतं.

माझ्या जिवाला दुसरंच लागलं होतं. ते जहाज पुरं होऊ नये असं मला वाटत होतं.

लिहिताना लाज वाटते, पण तसंच होतं. अण्णा तात्पुरता होता. जहाज आहे तोवर काम, काम आहे तोवर माझं कॉलेज. जहाज संपलं की तो घरी येणार, आणि गाड्या नसलेल्या घरात दोन सुतार बसणार. मग मी नगरला राहून इतिहास वाचत बसायचं हे कुणाच्या तोंडून निघालं नसतं, पण कुणाच्या मनात टिकलंही नसतं. म्हणून परदेशातून यायचं यंत्र अडकलं असं अण्णाने लिहिलं की मला बरं वाटायचं. जहाज पाण्यात उतरवलं ते पत्र आलं तेव्हा मी बोटांवर उरलेले महिने मोजले. कुणा मोठ्या बाईंनी फीत कापली होती, बँड वाजला होता, कामगारांना लांब दोरीपलीकडे उभं केलं होतं, आणि तेवढं मोठं धूड आवाज न करता घसरत पाण्यात गेलं तेव्हा शेजारचा वेल्डर रडला होता. पुढे अण्णाने लिहिलं होतं, "आता खरं आपलं काम सुरू. आत सगळं पोकळ आहे." ती ओळ मी एस्टीत पुन्हा पुन्हा वाचली. आत सगळं पोकळ आहे. म्हणजे अजून वर्ष तरी.

ते वर्षही गेलं. पाऊस आलाच नाही. पुढचा उन्हाळा इतका कोरडा होता, की परीक्षेच्या आधीच्या महिन्यात सावेडीतल्या विहिरींच्या तळाचे दगड दिसत होते. आम्ही मुलं रांगेत बादल्या ठेवून हातात नोट्स घेऊन उभी राहायचो. वर्गात उकळत्या डांबराचा वास यायचा, कारण बाहेर दुष्काळी कामातून रस्ता होत होता. त्या रस्त्यावर माझ्या आईच्या वयाच्या बायका होत्या. मी खिडकीजवळ बसायचं सोडलं.

परीक्षेला आठ दिवस राहिले असताना पत्र आलं. जहाज झालं, अण्णाने लिहिलं होतं. पुढच्या महिन्यात पहिल्या सफरीला निघणार. तात्पुरत्या सुतारांना रजा दिली. पण मिस्त्री म्हणतात, जहाजावर सुरुवातीचे सहा महिने एक सुतार लागेल. नव्या जहाजाची दारं अडतात, कठडे सुटतात. तू येतोस का म्हणून विचारलंय, मी अजून हो म्हटलेलं नाही. बंदरात उभ्या जहाजावर लहान लाँचने जावं लागतं, तेवढ्यानेच मला उलट्या होतात. सवय होते म्हणतात. माझं मन विचाराल तर मला घरी यायचं आहे. तात्यांना विचारून कळव.

मी गावी गेलो. ऊन उतरत होतं. तात्या दांडे गुळगुळीत करायला त्यांवर काच घासत होते, मामा भिंतीला टेकले होते, आई नुकती येऊन बसली होती. आई कधी कागदाकडे बघत नाही, वाचणाऱ्याच्या तोंडाकडे बघते. मी वाचायला लागलो. जहाज झालं हे वाचलं. मिस्त्रींचं वाचलं. उलट्यांचं वाचलं, सवय होते हेही वाचलं. मग ती ओळ आली.

मी काही ठरवलं नव्हतं, हे मी स्वतःला किती वेळा सांगितलं आहे. डोळे त्या ओळीवर होते आणि तोंड पुढच्या ओळीवर गेलं. "तात्यांना विचारून कळव," मी वाचलं आणि पत्राची घडी केली.

"यायचं काय लिवलंय का?" आईने विचारलं.

"तात्यांना विचारलंय."

तात्यांचा चेहरा मी तसा उजळलेला कधी पाहिला नव्हता. "बस म्हनावं," ते म्हणाले. "दोन वरीस मी वाट बगतोय. केलंय तर बसाय पायजे. कोन जानार दुसरं जहाजासंगं? दारं त्याची हायती."

"आवो, त्याला वकाऱ्या हुत्यात," आई म्हणाली.

"हुत्यात त्या ऱ्हात्यात," मामा म्हणाले. "तू लगीन हून आल्ती तवा गाडीत वकत आल्तीस. ऱ्हायल्या का न्हाई?"

सगळे हसले. आईसुद्धा हसली, आणि तिथेच ठरलं. मी दप्तरातून कार्ड काढलं आणि लिहिलं, की तात्यांचं म्हणणं आहे, जा. ते खरंच होतं. त्यात खोटं एक अक्षर नव्हतं. परीक्षेत माझे पेपर चांगले गेले.

त्यानंतरची पत्रं वेगवेगळ्या बंदरांवरून यायची. पहिल्या सफरीत तिसऱ्या दिवशी समुद्र खवळला तेव्हा अण्णाला कळलं, की जहाज अंग मोडतं. लाटेवर ते जरासं पिळतं, आणि घरातल्यासारखी घट्ट बसवलेली दारं चौकटीत रुतून बसतात. एक म्हातारं जोडपं आत अडकलं. अण्णा स्वतः ओकत, एका हाताने कठडा धरून, दुसऱ्या हाताने रंधा मारत होता आणि आतून आजोबा धीर देत होते, "सावकाश, सावकाश, आम्हाला कुठे जायचंय?" त्याने एका महिन्यात जवळजवळ सगळी दारं उतरवून बोटाच्या पेराएवढी फट ठेवून पुन्हा बसवली. हौदातलं पाणी हिंदकळून डेकवर येतं, असं एकदा लिहिलं होतं. मामा ते ऐकून उठले आणि घरी गेले. घरून पाठवलेली भाकरी-चटणी संपल्यावर तो भात आणि लिंबू यांवर होता. हे सगळं तो गमतीने लिहायचा. मी मात्र आता एकही ओळ न गाळता वाचायचो. त्याचा काही उपयोग नव्हता.

दिवाळीला तो आला. त्या वर्षी पाऊस झाला होता, बाजरी निघाली होती. तो अंगणातून आत आला तेव्हा मला वाटलं त्याला ताप आहे. गालफडं बसली होती. उंबऱ्यातून येताना त्याने भिंतीला हात लावला. "हालतंय," तो हसून म्हणाला. "जिमीन हालती. दोन दिस हालंल, मंग थांबंल." तात्यांनी त्याला शेजारी बसवून एकेक दार विचारलं. कोणतं कुठे अडलं, किती तासलं, बिजागरी कशाची. दोघं तसं बोलताना पाहून मला वाटलं, झालं ते बरंच झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं विहिरीवर आंघोळीला गेलो. त्याने डोक्यावरून पाणी घेतलं, डोळे पुसले आणि सहज विचारलं, "दत्तू, जहाज झाल्याचं माजं पत्र आलं हुतं, ते सगळं वाचलंस ना तू?"

"वाचलं."

"सगळं?"

"हो."

"बरं," तो म्हणाला आणि बादली माझ्याकडे सरकवली. "घे. थंड हाय पानी."

वाचून दाखवलंस का, असं त्याने विचारलं नाही. मला वाटतं त्याने ते मुद्दामच विचारलं नाही. तात्यांना वाचता येत नाही हे त्याला माहीत नव्हतं थोडंच? ते पत्र कोण वाचणार, कळवणार कोण, हे ठाऊक असून त्याने ती ओळ लिहिली होती. तात्यांना विचारायच्या आधी त्याने मला विचारलं होतं. आणि मी उत्तर दिलं होतं.

सहा महिन्यांची मुदत पुढे वाढत गेली. उलट्या कमी झाल्या, म्हणतो. जहाजाला आता रुळलेलं जहाज म्हणतात. त्याच्या सफरींची जाहिरात एकदा मी खानावळीतल्या वर्तमानपत्रात पाहिली. पांढरंशुभ्र, आणि डेकवर हात हलवणारी माणसं. मी ते पान मागून घेतलं आणि दारं दिसतात का ते बघत राहिलो. फार बारीक छपाई होती.

यंदा माझं शेवटचं वर्ष. नोकरीचं कुठे काही ठरलेलं नाही, पण गेल्या आठवड्यात मी अण्णाला पत्र लिहायला बसलो. तिसऱ्या कागदावर जमलं. जहाज सोड, घरी ये, पुढचं मी बघेन, एवढंच लिहिलं. ते न टाकता काल सकाळी गावी घेऊन गेलो. तात्या चाकाच्या मधल्या तुंब्याला आरे बसवायला भोकं पाडत होते. गाड्यांचं काम पुन्हा यायला लागलं आहे. मी त्यांना पत्र वाचून दाखवलं. मग ती जुनी ओळ सांगितली, जशीच्या तशी. मला ती पाठ आहे.

त्यांनी पटाशी थांबवली नाही. दोन-तीन ठोके मारले, भुसा फुंकला.

"वाचली आसतीस तरी मी बसच म्हनलो आसतो," ते म्हणाले.

मला एकदम मोकळं वाटलं. दोन वर्षांत पहिल्यांदा. मी काहीतरी बोलणार होतो, तेवढ्यात त्यांनी मान वर केली.

"पन मी म्हनलो आसतो."

आत आईने सगळं ऐकलं होतं. ती बाहेर आली, माझ्याकडे बघितलं नाही. "मंग आता वाचीत काय बसलाय?" ती म्हणाली. "टाक जा ते पत्र. एश्टी जाईल."

मी पारनेरच्या स्टँडवर पत्र टाकलं. जहाज मुंबईला परत लागेपर्यंत ते त्याच्या हाती पडणार नाही, आणि परीक्षा त्याच्या आधी संपते. तो येईल की नाही, आल्यावर त्याला इथे करमेल की नाही, पुढचं मी बघेन म्हणजे नक्की काय बघेन, यातलं मला काहीही माहीत नाही. उद्या अकरा वाजता पहिला पेपर आहे. तो आणि त्यापुढचे सगळे मी अजून अण्णाच्याच जिवावर लिहिणार आहे.